कोळशाच्या मोटरीतली दुर्बीण

मलकापूर-बुलढाणा रस्त्यावर लढाईच्या दिवसांत कोळशावर चालणारी एक सर्व्हिस मोटर होती. चालणारी म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. पेट्रोल सगळं फौजेकडे गेलेलं, तेव्हा मोटरीच्या पाठीला माणसाच्या उंचीची एक लोखंडी टाकी जोडलेली. तिच्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा, त्याचा गॅस नळीनं इंजिनात सोडायचा आणि देवाचं नाव घेऊन निघायचं. मोताळ्यापर्यंत ती कुरकुरत जायची, राजूरपर्यंत खोकत. पुढं घाट लागला की निम्मे उतारू खाली उतरून तिला ढकलायचे. तिकीट काढून बसलेला माणूस मोटरीलाच ढकलत घाट चढतो आणि वर पोचल्यावर ड्रायव्हरला शाबासकी देतो, अशी माया वऱ्हाडाबाहेर कुणी पाहिली असेल असं वाटत नाही.

ही शाबासकी घेणारा ड्रायव्हर म्हणजे गुलाम रसूल. मूळचा जानेफळचा. बाप बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा आणि पोरानंही तेच करावं अशी त्याची इच्छा होती. पण गावात पहिली मोटर आली त्या दिवशी पोरगा तिच्या मागं धावत गेला तो परत नालाकडे वळला नाही. आधी क्लिनर, मग ड्रायव्हर, असा तो वाढत गेला. उंच, किडकिडीत, अंगात खाकी कोट, आणि कोटावर कोळशाचे एवढे डाग की मूळचा रंग कोणता ते त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. बोलायला गोड. उतारू त्याला रसूलभाऊ म्हणत.

ड्रायव्हर माणसाला आभाळाचा नाद कसा लागतो, असं लोक विचारत. त्याचं उत्तर सरळ होतं. मोटर बिघडली की ड्रायव्हरला तिच्याखाली उताणं पडावं लागतं. ट्यूबचं पंक्चर काढलं की लावलेलं सोल्युशन वाळेपर्यंत थांबावं लागतं. असं पडल्यापडल्या डोकं थोडं मोटरीबाहेर काढलं की वर दुसरं काही नसतंच, आभाळच असतं. बाकीचे ड्रायव्हर तेवढ्यात बिडी ओढत. गुलाम रसूल बिडी ओढत नव्हता, म्हणून चांदण्या पाहत बसला, एवढाच काय तो फरक. कोणती चांदणी कोणत्या महिन्यात कोणत्या टेकडीवर उगवते हे त्याला आपसूक कळायला लागलं. नाव मात्र त्याला शुक्र सोडला तर एकाही चांदणीचं ठाऊक नव्हतं. बुलढाण्याचा एक पाद्री साहेब बदली होऊन निघाला, त्याचं सामान मलकापूर स्टेशनावर पोचवताना सामानात एक पितळी दुर्बीण निघाली. तिचा लाकडी स्टँड वाळवीनं खाल्लेला. साहेब म्हणाला, स्टँडशिवाय ही काय कामाची, तूच घे. गुलाम रसूलनं ती कोटाच्या आत धरली आणि परतीच्या वाटेवर मोटर इतकी जपून चालवली, की क्लिनरला वाटलं गडी आजारी आहे.

क्लिनर म्हटलं की पोरगा डोळ्यांसमोर येतो. ह्या मोटरीचा क्लिनर कडूबा हा ड्रायव्हरपेक्षा वयानं मोठा, पांढऱ्या मिशांचा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर नाराज असलेला माणूस होता. मोटरीची टाकी त्याच्या ताब्यात. घाट चढून माथ्यावर आलं की टाकीतली राख पाडायची, नवा कोळसा भरायचा, इस्तो म्हणजे विस्तव फुलवायचा, रेडिएटरला पाणी पाजायचं, आणि गॅस पुन्हा धड यायला लागेपर्यंत वाट पाहायची. हे केल्याशिवाय मोटर बुलढाण्याकडे एक पाऊल टाकत नसे. हे सगळं काम कडूबाचं. त्यात ड्रायव्हरनं हात घातलेला त्याला खपत नसे. म्हणजे दिवसभरात गुलाम रसूलला स्वतःचा असा जो काही वेळ मिळायचा तो तेवढाच. थंडीच्या दिवसांत तो नेमका दिवेलागणीनंतर मिळायचा. खाली राजूर अंधारात गेलेलं असायचं, पलीकडं पार सातपुड्यापर्यंत सगळी सपाटी काळी व्हायला लागलेली, आणि वर एकेक चांदणी निघत असायची.

आता प्रश्न उरला दुर्बीण टेकवायची कशावर. कडूबाची राख पडेपर्यंत ती बाहेर निघाली पाहिजे, उभी राहिली पाहिजे आणि भोंगा वाजायच्या आत परत गुंडाळली गेली पाहिजे. गुलाम रसूलनं मोटरीच्या जुन्या दिव्याचा ब्रॅकेट काढला. तो वर-खाली आणि आजूबाजूला वळायचा. त्यावर दुर्बीण ठेवून फाटक्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी करकचून आवळली. आणि सगळ्यांत जवळची जागा म्हणून ब्रॅकेट बसवला बॉनेटवर.

पहिल्या दिवशी त्यानं पाहिलं आणि तो थक्क झाला. चांदणी नाचत होती. नुसती लुकलुकत नव्हती, उकळत्या पाण्यात तांदूळ उड्या मारतात तशी उड्या मारत होती. त्यानं उतारूंना बोलावलं. रोजचे उतारू होते ते: मलकापूरच्या बाजारात बोरं विकून परतणारी सोजराबाई, आणि शेत मोताळ्याला पण बिऱ्हाड बुलढाण्याला असे शेषराव. दोघांनीही पाहिलं. सोजराबाई म्हणाली, "मायबाई, हे तं आंगात आल्यावानी करून राह्यलं."

पुढचे कितीतरी दिवस घाटमाथ्यावर चांदण्या अशाच नाचत होत्या, आणि बुलढाण्यात बातमी पसरली की रसूलभाऊच्या दुर्बिणीतून चांदण्यांचा नाच दिसतो. लांबून लांबून लोक तो पाहायला आले. चांदण्या खरोखरच नाचतात आणि आपल्या साध्या डोळ्यांना ते दिसत नाही, अशी गुलाम रसूलची स्वतःचीही पक्की समजूत झाली होती. एके दिवशी कडूबा बादली घेऊन आला, नाक मुरडून उभा राहिला आणि म्हणाला, "लेका, खाली इंजिन तापून राह्यलं, वर वाफ निंगून राह्यली, त्या वाफेतून पाह्यशील तं तुही सासूबी नाचतानाच दिसन."

गुलाम रसूल कपाळावर हात मारून हसला. मग दुर्बीण मोटरीच्या बाजूच्या शिडीवर गेली. तिथं वाफ नव्हती, पण आत सोजराबाईनं टोपली इकडची तिकडं केली तरी चांदणी दुर्बिणीतून पळून जायची. मग रस्त्याकडेच्या दगडावर ठेवून पाहिली. तर पाहणाऱ्याला घोरपडीसारखं पोटावर झोपावं लागायचं. शेषरावांना ते काही जमेना, त्यांचं पोट मोठं. शेवटी वैतागून त्यांनीच तोड काढली. दुसऱ्या दिवशी मोताळ्याला ते मोटरीत चढले तेव्हा त्यांच्या खांद्यावर खळ्यातली तिपाई होती. धान्य उफणताना माणूस जिच्यावर उभा राहून वाऱ्यावर सूप धरतो ती, छातीएवढी उंच, बाभळीच्या लाकडाची.

"हे तीन पायाचं हाये," शेषराव म्हणाले. "खळ्यात जमीन कशीबी असो, हे डुगडुगत नाई. याच्यावर मानूस उभा राह्यते, तुही दुर्बिन नाई राह्यनार काय?"

राहिली. अशी राहिली की गुलाम रसूलनं डोळा लावल्यावर त्याला श्वास घ्यायचं भान उरलं नाही. त्यानं सगळ्यांत शांत, पिवळसर चांदणी शोधून तिच्यावर दुर्बीण धरली होती. ती चांदणी नव्हतीच. इवलासा गोळा होता आणि त्याच्याभोवती एक कडं होतं. अधांतरी, कुठंही न चिकटलेलं. त्यानं डोळा चोळला, काच पुसली, पुन्हा पाहिलं. कडं होतंच. आयुष्यात इतकी सुंदर वस्तू त्यानं पाहिली नव्हती आणि ती मोटरीच्या थांब्यावर पाहायला मिळावी ह्याचा त्याला इतका आनंद झाला की तो एकदम खाली बसला.

त्या दिवसापासून घाटमाथ्यावर जो मेळा भरायला लागला त्याला तोड नव्हती. मोटर थांबायच्या आधीच शेषराव टपावरून तिपाई ओढायला उभे राहत. सोजराबाई रिकामी टोपली पालथी घालून ठेवी, बसून पाहणाऱ्यासाठी. गुलाम रसूल ब्रॅकेट घट्ट करी, पट्ट्या आवळी, आणि कडूबाची राख पडायच्या आत दुर्बीण आभाळाकडे तोंड करून तयार. नवीन उतारूला आधी मावळतीचा शुक्र दाखवायचा. त्या दिवसांत तो चंद्राच्या कोरीसारखा दिसायचा, आणि लोक चंद्र कुठं आहे म्हणून आभाळभर शोधायचे. मग शेवटी कडं असलेला तारा. त्याला सोजराबाईनं "बाळीवाला" असं नाव ठेवलं होतं, कानातल्या बाळीवरून. बाळीवाला दुर्बिणीत फार वेळ थांबत नसे, हळूहळू कडेला सरकून बाहेर जाई, आणि मग "गेला, गेला" अशी ओरड होई. गुलाम रसूल येऊन बोटानं दुर्बीण जराशी ढकली की परत हजर. घाटात मोटर ढकलायला उतारू आता कुरकुरेनासे झाले. उलट लवकर वर पोचायचं म्हणून जोरानं ढकलत. कडूबाही नाराजी राखून का होईना, इस्तो फुलायला लागल्यावर एक डोळा लावून जायचा.

हे सुख महिनाभर तरी चाललं. मग एका संध्याकाळी सुलतानपूरकडचे एक जोशीबुवा मोटरीत होते. माणूस चांगला, हसतमुख. त्यांनी बाळीवाला पाहिला, वाहवा केली, मग दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी वर पाहिलं आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"ही मिथुन रास," ते म्हणाले. "मिथुनेत सध्या कोण आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? अहो, हा शनी आहे."

टाकीतला इस्तो तेवढा तडतडत होता. सोजराबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. शेषराव दुर्बिणीपासून दोन पावलं मागं सरकले ते रेडिएटरच्या सांडलेल्या पाण्याच्या चिखलात गेले. ज्याची नजर आपल्यावर पडू नये म्हणून माणसं दर शनिवारी मारुतीला तेल वाहतात, त्याच्या डोळ्याला आपण महिनाभर रोज डोळा लावून बसलो होतो, हे प्रत्येकाच्या लक्षात आलं. जोशीबुवांनाही आपण बोललो ह्याचं वाईट वाटलं असावं. पण बोलून गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर मोटर थांबली आणि कुणीही खाली उतरलं नाही. बायका खिडकीकडे पाठ करून बसल्या. कडूबानं रेडिएटरला लिंबू-मिरची बांधली. त्याच आठवड्यात मोताळ्याजवळ मोटरीचा टायर फुटला. ह्या मोटरीचा टायर दर आठवड्याला फुटायचा, पण ह्या वेळचा टायर शनीनं फोडला ह्याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. आणि ही गोष्ट गेली मालकाच्या कानावर.

मोटरीचे मालक महादेवराव. बुलढाण्यात मोठं घर, शेती, आणि ही मोटर. वेळेच्या बाबतीत इतके काटेकोर की मोटर उशिरा आली की ओट्यावर येऊन उभे राहायचे आणि ड्रायव्हरला एक शब्द न बोलता नुसते घड्याळाकडे पाहायचे. आणि नेमकी त्यांचीच रास मिथुन. ऐन साडेसाती सुरू होती. पेट्रोल बंद झालं ते साडेसातीनं, म्हैस आटली ती साडेसातीनं, धाकट्या भावानं बोलणं टाकलं तेही साडेसातीनं. रात्री त्यांना झोप लागत नसे. अंगणात काही खुट्ट झालं तरी उठून बसत. भला माणूस भीतीनं निम्मा झाला होता. त्यांनी गुलाम रसूलला बोलावून घेतलं.

"दुनियेभराचे तारे सोडून तुले माह्याच मोटरीवर शनी आनाचा होता काय?" ते म्हणाले. आवाज रागाचा कमी आणि रडवेला जास्त होता. "उद्यापासून ते यंत्र मोटरीवर दिसलं तं तू मोटरीवर दिसनार नाई."

गुलाम रसूल वाद घालणाऱ्यांतला नव्हता. "हाव मालक," म्हणाला आणि घरी आला. दुर्बीण घोंगडीत गुंडाळून त्यानं फळीवर ठेवून दिली. त्याला फार वाईट वाटलं. दुर्बीण गेली म्हणून तर वाटलंच, पण त्याहून जास्त वाटलं ते आपण एवढ्या लोकांना भीती वाटत फिरलो म्हणून. सणाला वाटावा तसा आनंद आपण वाटतोय असं तो समजत होता आणि निघालं भलतंच. त्याची बायको अमीरबी ताटात भाकर वाढत म्हणाली, "अपने में भी शनी को, जुहल को, मनहूसच कहते हैं. तुम को मालूम नहीं था क्या?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं. चांदण्यांची नावं विचारायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

घाटमाथ्यावरचा वेळ आता जाता जाईना. कडूबा राख पाडायचा आणि गुलाम रसूल चाकाजवळ उभा राहून खाली अंधाराकडे पाहायचा. वर पाहिलं की जीव कळवळायचा म्हणून वर पाहत नसे. शेषरावांना हे पाहवेना. एकदा ते हळूच म्हणाले, "रसूलभाऊ, माही तिपाई टपावरच हाये. मालक काय घाटात पाहाले येते? घेऊन ये ना उद्या कोळशाच्या पोत्यात."

"नाई शेषरावजी," तो म्हणाला. "मालकाले भेव वाटते ते खरं हाये. त्याईच्या भेवाच्या पाठीमांगं लपून मले पाह्यनं होनार नाई."

शेषरावांनी तो विषय तिथंच सोडला. पण सोजराबाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पदराआड तिचं डोकं चाललेलं होतं. काही दिवसांनी घाट चढून मोटर थांबली तेव्हा ती आतूनच मोठ्यानं बोलायला लागली, आपल्याशीच बोलावं तशी. "म्या लय इचार केला. जलमभर तो आपल्याले पाह्यते. आपल्याले दिसते काय तो पाहून राह्यला म्हनून? नाई दिसत. आता आपुन त्याले पाह्यलं तं काय बिघडलं? आन महिनाभर पाह्यलं, तं माही लेक नांदाले गेली, बोरं रोज खपली, गुडघाबी दुखला नाई. पाह्यनं सोडलं आन गुडघा दुखून राह्यला."

मोटरीत हशा पिकला. कितीतरी दिवसांनी पिकला. गुलाम रसूलही हसला, आणि मग सोजराबाईच्या पुढच्या वाक्यानं त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हनून म्या काल मालकाच्या घरी गेली होती," ती म्हणाली. "बोरं द्याले. मालक ओट्यावरच होते. म्या म्हनलं, मालक, तुमी त्याले एवढं तेल वाह्यता, पन त्याचं तोंड पाह्यलं काय कधी? म्या पाह्यलं. मले तं नव्या नवरीवानी दिसला."

"मंग? मालक काय म्हनले?" गुलाम रसूलनं विचारलं.

"काईच नाई. उठून घरात निंगून गेले."

गुलाम रसूलनं कपाळाला हात लावला. आता दुर्बीण तर गेलीच होती, नोकरीही जाणार हे त्याला स्पष्ट दिसायला लागलं. त्या रात्री तो अमीरबीला म्हणाला की जानेफळला जाऊन बैलांना नाल ठोकायचं अजून जमेल बहुतेक.

दुसरा दिवस शनिवार. मोटर मलकापूरहून निघाली तशी खोकत, थांबत, संध्याकाळी राजूरला आली. सगळ्यांनी ढकलली. शेवटचं वळण घेऊन ती माथ्यावर पोचली तर नेहमीच्या जागेवर एक दमणी उभी होती, बैल सोडलेले. दमणीपाशी महादेवराव उभे होते. आणि त्यांच्या हातात, अंगापासून शक्य तितकी लांब धरलेली, गुलाम रसूलची घोंगडी होती. सापाचं पेटारं धरावं तशी त्यांनी ती धरली होती. अमीरबीकडून मागून आणलेली, हे उघडच होतं.

मालक दुर्बीण घाटाखाली फेकायला आलेत, असंच सगळ्यांना वाटलं. शेषराव मोटरीतून उतरले. सोजराबाई उतरली. पाठोपाठ बाकीचेही उतरले आणि दरीच्या बाजूनं, काही न ठरवता, ओळीनं उभे राहिले. महादेवरावांना हे सगळं काय चाललंय ते कळेना. त्यांनी घोंगडी गुलाम रसूलच्या हातात दिली आणि घसा खाकरला.

"लाव," ते म्हणाले.

"मालक?"

"लाव म्हनलं ना बे. दोन राती झोप नाई लागली मले. ही बाई म्हनते नव्या नवरीवानी दिसते. आता कसा दिसते ते पाह्यल्याबिगर माही सुटका नाई."

टपावरून तिपाई कशी आणि कुणी काढली ते कळलंच नाही, इतक्या चटकन ती खाली आली. गुलाम रसूलच्या हातून ब्रॅकेट दोनदा निसटला. पट्टी आवळायला कडूबा पुढं आला, टाकी सोडून. हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केलं.

"मालक, आंधी शुक्र पाहा," गुलाम रसूल म्हणाला. "शुक्राचं काई भेव नाई."

"नाई. तोच."

महादेवरावांनी जोडे काढले. हात जोडले. पागोटं दुर्बिणीला अडायला लागलं तेव्हा तेही काढून कडूबाच्या हातात दिलं, आणि चारचौघांत बोडक्या डोक्यानं ते सोजराबाईच्या पालथ्या टोपलीवर बसले. डोळा काचेला लावला. सगळे वाट पाहत राहिले. फार वेळ गेला.

"काई दिसत नाई," मालक म्हणाले. "काळं हाये."

गुलाम रसूल वाकून पाहायला गेला आणि त्याला हसू आवरेना. त्यानं मोठ्या कष्टानं ते गिळलं. "मालक," तो अगदी हळू म्हणाला, "डोळा उघडा."

महादेवरावांनी डोळा उघडला.

आधी त्यांचे खांदे खाली आले. मग गुडघ्यावर आवळून धरलेली मूठ सुटली. बाळीवाला सरकून बाहेर गेला तेव्हा त्यांनी घाईनं गुलाम रसूलचा कोट ओढला, आणि त्यानं दुर्बीण ढकलून तो परत आणून दिला. असं पुष्कळदा झालं. शेवटी मालक बोलले, पण इथं उभ्या असलेल्या कुणाशी नव्हे.

"एवढा दूर राह्यतं तू," ते म्हणाले. "एवढा दूर. आन मी लेकाचा तुले माह्या आंगनात धुंडून राह्यलो होतो."

सोजराबाईनं पदरानं डोळे पुसले. गुलाम रसूलला स्वतःच्या डोळ्यांचं काय करावं ते सुचेना, तो ब्रॅकेट उगीचच घट्ट करत राहिला. एवढ्यात कडूबा टाकीकडून ओरडला की इस्तो फुलला, गॅस आला, आता वाया जाईल. उतारू एकेक करून आत बसले. मालक वेळेचे किती काटेकोर, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी रेंगाळलं नाही. गुलाम रसूलनं थोडी वाट पाहिली, मग भीतभीत एकदा भोंगा वाजवला. मालक हलले नाहीत. पुन्हा वाजवला.

"ऐकू येऊन राह्यलं बे मले," महादेवराव काचेवरून डोळा न काढता म्हणाले. "जा तुमी समोर. लोकाईले वेळेवर पोचव. दुर्बिन मी आनतो दमनीत."

मोटर निघाली. बुलढाण्याचे दिवे दिसेपर्यंत गुलाम रसूल एकटाच हसत होता आणि कडूबा त्याला दर वळणावर रस्त्याकडे पाहायला सांगत होता.